टोचायला पाच जण येतात, ताप चढल्यावर कोण येतं? आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातले साहेब आणि मॅडम, तालुक्याचे आरोग्य अधिकारी, आणि यादीला होकार देणारे आमच्या ग्रामपंचायतीचे मान्यवर

नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक यादी लागली. वर जाड अक्षरात "लसीकरणास नकार देणारे पालक", खाली नावं, आडनावासकट, पाड्यासकट, काहींचे मोबाईल नंबर पण. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि खाली कोणीतरी टाकलं की ह्यांचं रेशन बंद करा, दाखले अडवा, मग बघा कशी धावत येतात. त्यावर अंगठे पडले. त्यातला एक अंगठा अशा माणसाचा आहे ज्याने तो द्यायला नको होता, नाव घेत नाही, त्यांना कळेल.

हे पत्र त्या यादीबद्दल आहे आणि ती लागेपर्यंत जे होत गेलं त्याबद्दल. उघड लिहितोय कारण अर्ज दिला की त्याच्यावर आवक-जावकचा शिक्का पडतो आणि पुढे तो कुठं जातो ते देवालाच माहीत. गावाचं नाव, उपकेंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की नोटीस सिस्टरला नाहीतर आशाताईला निघते, साहेब लोकांना कधी निघत नाही, आणि त्या दोघींचा यात काही दोष नाही. एवढं पुरे की आम्ही चोपडा-शिरपूर पट्ट्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. खाली केळी-कापसाचं गाव, गावाच्या कडेला भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती, आणि वर नाल्यापलीकडे पावरा लोकांचे पाडे.

मी कोण ते पण सांगतो. मी लसीचा डबा वाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सकाळी लस घ्यायची, मोटरसायकलवर बांधायची, लसीकरणाचं सत्र असेल त्या पाड्यावर सिस्टरच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी उरलेलं परत नेऊन जमा करायचं. फेरीमागे पैसे मिळतात, ते पण कधी वेळेवर कधी नाही, पण तो आजचा विषय नाही. डॉक्टर नाही मी, शिक्षण बारावी. पण ह्या डब्याची काळजी कशी घेतात ते मी रोज बघतो. आइसपॅक फ्रीजरमधून काढले की लगेच डब्यात घालत नाहीत, बाहेर ठेवायचे, मग एकेक उचलून कानापाशी हलवायचा, आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच चार बाजूला चार लावायचे, कारण फार गार झालं तर पेंटाची, म्हणजे एकात पाच आजारांवरची, लस गोठते आणि गोठली की ती गेली. बाटलीवर एक गोल असतो, गोलात पांढरा चौकोन, उष्णतेने तो चौकोन काळपट होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की बाटली फेकायची. म्हणजे लसीला किती ऊन लागलं त्याचा हिशोब बाटलीवरच लिहिलेला असतो साहेब. ज्याला लस टोचली त्या पोराला पुढे काय झालं त्याचा हिशोब मात्र कुठंच लिहिलेला मी पाहिला नाही.

माझी पोरगी लहान आहे, अजून गोवरच्या पहिल्या डोसाच्या वयाची नाही. आतापर्यंतच्या सगळ्या लसी तिला दिल्यात, इथंच, ह्याच डब्यातल्या. लोक विचारतात ना, "तू डबा आणतो, पण तुझ्या पोरीले देली का?", तर हो, दिली, आणि मांडीवर आलेली गाठ पण दाखवली ज्यांना बघायची होती त्यांना. त्यामुळे मी लसीच्या विरोधात लिहितोय असं कोणी समजू नका. उलट मला भीती वाटते म्हणून लिहितोय. नऊ महिने पूर्ण होईपर्यंत तिला गोवरची लस मिळत नाही, तोपर्यंत तिचं रक्षण आजूबाजूच्या पोरांना लस असण्यावरच आहे. आणि आजूबाजूची पोरं तुमच्या फळ्यावर लागलीत.

आता यादीकडे येतो. त्यातली नावं मी एकेक करून बघितली, बहुतेक घरं मला माहीत आहेत कारण त्यांच्याच ओट्यावर सत्र भरतं. काही घरं दिवाळीनंतर गुजरातला ऊस तोडायला गेलेली आहेत, कोणी सौराष्ट्रात कापसाच्या शेतात भागाने, ती होळीलाच परत येतात. घराला कुलूप म्हणजे नकार? एका बाईने पोराला लस तिकडेच टोचून घेतली, कार्ड तिकडच्या खोपटात राहिलं, तिचं पण नाव. आणि एक नाव तर असं आहे की ते वाचून मला हसावं का रडावं कळेना. ती बाई स्वतः पोरगं काखेला मारून सत्राला आली होती, मी तिथंच उभा होतो. गोवर-रुबेलाची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते, म्हणून तिला सांगितलं गेलं की एकट्या पोरासाठी बाटली फोडत नाही, पुढच्या वेळी चार-पाच पोरं जमली की ये. ती अर्धा दिवस मजुरी बुडवून आलेली. पुढच्या वेळी ती केळी कटाईला गेली. आता सांगा, नकार कोणी दिला? एका पोरासाठी सुद्धा बाटली फोडायची असं तुमचंच सांगणं आहे ना, मग बाटली वाया गेली म्हणून सिस्टरला मीटिंगमध्ये झापतं कोण? ती बिचारी बाटली वाचवणारच.

खरोखर दार लावून घेतलेली घरं आहेतच, नाही असं नाही. त्यात सगळ्यात वरचं नाव भिलाटीतल्या एका घराचं आहे आणि ते तिथं कसं आलं ते तुम्ही विचारलं नाही म्हणून मी सांगतो. घरातल्यांना विचारून लिहितोय. ह्या घरातलं पोरगं सरकारी दवाखान्यातच जन्मलं, जन्मतः क्षयाची बीसीजी, पोलिओ, कावीळ ह्या सगळ्या लसी झाल्या, दीड महिन्याचा डोस झाला, कुठं नकार नाही. अडीच महिन्याच्या डोसाला पेंटा टोचलं. त्या दिवशी वरून कोणीतरी भेटीला आलं होतं म्हणून गाडी होती, फोटो होते, चार-पाच माणसं होती. टोचून झालं, फोटो झाले, गाडी पुढच्या पाड्याला. अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, कोणी बसवलं नाही. रात्री ताप येऊ शकतो, पाय सुजू शकतो, एक-दोन दिवसात उतरतं, पॅरासिटामॉल किती द्यायचं, काय झालं तर कुठं यायचं, हे सांगायचं असतं, कोणी सांगितलं नाही, आणि पॅरासिटामॉल त्या दिवशी संपलेलंच होतं. रात्री पोराला ताप चढला, मांडी टणक झाली, रडणं थांबेना. बाप मध्यरात्री मोटरसायकलवर घेऊन निघाला. उपकेंद्राला कुलूप. पुढे आरोग्य केंद्रात चौकीदार, तो म्हणे डॉक्टर सकाळी येतील. मग तालुक्याला प्रायव्हेटला. तिथल्या माणसाने सलाईन लावलं, बिल लावलं, आणि वरून सांगितलं की लसीनेच झालं, आता देऊच नका.

पोरगं दोन दिवसात ठणठणीत झालं. लसीने येणारा ताप असाच असतो, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण त्या घरातल्या आजीला कोणी सांगायचं? ती मला म्हणाली, "टोचाले पाच जन उनात भाऊ, पोरले ताप चढना तवय एक बी कोनी उनं नही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याने पुढच्या डोसाला आशाताई गेली तर दार लावून घेतलं, शेजारच्या चार घरांनी पण लावून घेतलं, त्यातल्या एकाचा साडू वरच्या पाड्यावर, तिथं पण गोष्ट पोचली, आणि पोचेपर्यंत ताप राहिला बाजूला, पोरगं मरता मरता वाचलं अशी झाली. मग तुमच्या कागदावर रकाना भरला गेला, आणि रकान्यावरून फळा.

म्हणजे क्रम असा आहे साहेब, आधी तुमचा भरवसा गेला, नंतर लसीचा.

तुम्ही म्हणाल, अफवा. अफवा आहेतच, मी रोज ऐकतो. पोरं होणार नाहीत, आदिवासी संपवायला आणलंय, कुठलातरी व्हिडिओ, कुठल्यातरी देशाचं पोरगं. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं सगळ्यांना, तेव्हा पण शाळांमध्ये हेच व्हिडिओ फिरत होते, तालुक्याच्या मोहल्ल्यांत पण आणि आमच्याकडे पण. कोरोनाच्या वेळी तर गाडी दिसली की माणसं शेतात जाऊन बसायची. पण अफवा कशी येते ते बघा. ती पावरी बोलीत येते, व्हॉइस मेसेजमध्ये, मेव्हण्याच्या आवाजात. आणि तुमचा खुलासा येतो पीडीएफमध्ये, छापील मराठीत, वर पुढाऱ्यांचे फोटो. कोण कोणाचं ऐकेल?

आणि पोरं न होण्याची भीती काही आभाळातून पडलेली नाही. आमच्या गावातले म्हातारे अजून सांगतात, आणीबाणीत जीप दिसली की बाप्ये उसात, नाल्यात लपायचे. मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं बिल मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, नाहीतर झालाच होता. ही काय व्हॉट्सॲपवरची गोष्ट नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांचीच नातवंडं आज तुमच्या सत्राला आणायची आहेत, आणि तुम्ही काय करता तर परत जीप, परत टार्गेट, परत रेशनची धमकी. तेव्हाचं सगळं सामान तेच ठेवलंय आणि वर विचारता की लोक घाबरतात का.

हीच म्हातारी माणसं देवीच्या लसीबद्दल मात्र वाईट बोलत नाहीत. माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल वण आहेत, ती कौतुकाने दाखवते. तिला विचारलं तेव्हा लोक पळत नव्हते का, तर म्हणे पळायचे की, पण तो देवी टोचणारा माणूस आठ दिवसांनी परत यायचा, दंड बघायला, धरली का नाही धरली ते. तेव्हा तशी पद्धतच होती, लस धरली का ते बघायचे, नसेल तर परत टोचायचे. १९७७ ला देश देवीमुक्त जाहीर झाला. लस तर चांगली होतीच, पण माणूस परत यायचा, हे पण होतं त्यात.

पोलिओचं पण तेच. ट्रेनिंगला तुमच्याच साहेबांनी सांगितलेलं मी ऐकलंय. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ पेशंट होते, २०१० ला ४२, आणि २०११ च्या जानेवारीत बंगालमध्ये हावड्याला शेवटचा एक. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. उत्तर प्रदेशात घरंच्या घरं दार लावून घेत होती, म्हणत होती आमच्याकडे पाणी नाही, नाली तुंबलीय, पोरं जुलाबाने मरतात तेव्हा कोणी येत नाही, आणि हे दोन थेंब घेऊन दर महिन्याला कसे येता? अगदी आमच्या आजीबाईचाच सवाल. तिथं मग मौलाना सोबत घेतले, गल्लीतल्याच बायका नेमल्या, यूपी-बिहारच्या १०७ ब्लॉकात पोलिओबरोबर संडास, पाणी, जुलाबाचा उपचार ह्याचं पण काम काढलं. म्हणजे खात्याला हे जमतं, करून दाखवलंय. मग आमच्यापर्यंत येता येता त्याचा फळा आणि यादी का होते?

आणि चूक झाली की ती दाबायची सवय. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात बारा पोरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. पोरं वाचली, तीन जण सस्पेंड झाले. ती बातमी आमच्या पाड्यावर लगेच आली. त्यानंतर ज्या पोलिओ रविवारी आमच्याकडे कोणी येऊन म्हणालं असतं की हो, असं झालं, ही बघा बाटली, हा बघा चौकोन, तुम्ही हातात घ्या, वास घ्या, मग पाजू, तर विषय तिथंच मिटला असता. कोणी बोललंच नाही. लोकांना वाटतं जे बोलत नाहीत ते लपवतात. मला पण वाटेल.

आशाताईबद्दल दोन शब्द. एका पोराच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की तिला शंभर रुपये मिळतात. वर्षभराच्या चकरांचे शंभर. आणि लोक तिच्या तोंडावर म्हणतात, तुले पैसे भेटतस म्हणून मांगे लागस. ताप आला की शिव्या तिला, आकडा कमी आला की मीटिंगमध्ये उभं तिला करता, आणि आता यादी पण तिच्याच हातून लिहून घेतली. तिच्या शेजारणीचं नाव तिला लिहायला लावलं तुम्ही. ती उद्या त्या घरी पाणी प्यायला तरी जाऊ शकेल का? गावात तुमचं एकच माणूस होतं ज्याला लोक घरात घेत होते. ते पण घालवलं.

ज्यांनी ग्रुपवर रेशन बंद करा टाकलं त्यांना पण सांगतो, रेशन हे अन्न सुरक्षा कायद्याने मिळतं, २०१३ चा कायदा, त्यात लसीची अट कुठंच नाही. सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला कोरोना लसीच्या केसमध्ये सांगितलंय की कोणावर लसीची जबरदस्ती करता येणार नाही. वाजवी निर्बंध घालता येतात असं पण त्यात म्हटलंय, ते मी लपवत नाही. पण पोराला लस नाही म्हणून त्याच पोराचा गहू-तांदूळ तोडणं हे वाजवी कुठल्या डोक्यातून निघतं? उपाशी पोराला गोवर जास्त मारतो. हे तर कुठलीही अंगणवाडीची बाई सांगेल.

गोवरचं म्हणाल तर तो वाट बघत नाही. एका आजारी पोरापासून, आजूबाजूला कोणालाच लस नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागतो, आणि अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पसरतो, म्हणजे कळायच्या आधीच तो पाड्यावर फिरून आलेला असतो. तो रोखायला शंभरातल्या पंचाण्णव पोरांना दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि आमच्या धुळ्याच्या पलीकडे मालेगावला काय झालं ते आपण पाहिलं, पोरं गेली. आमच्याकडे अजून गोवर आला की देव आला म्हणतात, लिंबाचा पाला दाराला लावतात, पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवतात, दवाखान्यात नेत नाहीत. लावू द्या पाला, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच दारात जीवनसत्त्व अ चे दोन डोस पोचले पाहिजेत, एक आज आणि एक उद्या, पोरांचे डोळे वाचतात त्याने. आणि ते पोचवणाऱ्याला दार उघडलं पाहिजे. फळ्यावर नाव लावलेल्या घराचं दार उघडेल असं वाटतं तुम्हाला?

वरच्या पाड्यावर एक बडवा, म्हणजे देवऋषी, आहेत, म्हातारे. मागे एका साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना अंधश्रद्धेवरून झापलं. त्या दिवशी सत्राला एकही पोरगं आलं नाही. नंतर सिस्टर स्वतः त्यांच्याकडे गेली, खाटेवर बसली, चहा प्याली, त्यांच्या गुडघ्याचं विचारलं, गोळ्या दिल्या. पुढच्या सत्राला त्यांनी स्वतःची नात पाठवली आणि तिच्या मागून बाकीची आली. सिस्टर दुसऱ्या जिल्ह्यातली, पावरी तिला धड येत नाही, पण तिला हे कळलं. तिची बदली करू नका, एवढं हात जोडून सांगतो, कारण चांगल्या माणसाची बदली फार लवकर होते आमच्याकडे.

आता मागण्या. पुढचं सत्र व्हायच्या आधी व्हाव्यात असं म्हणणं आहे.

यादी काढा. नुसता कागद फाडू नका, ग्रुपवर ज्यांनी फोटो टाकला त्यांना तो काढायला लावा, आणि ग्रामपंचायतीने लेखी लिहावं की रेशन, दाखले, कुठलीही योजना लसीसाठी अडवली जाणार नाही.

भिलाटीतल्या त्या घरी मोठ्या साहेबांपैकी कोणीतरी स्वतः जा. पोराला त्या रात्री काय झालं होतं ते कागदावर लिहून घ्या, लसीनंतरच्या त्रासाची जी चौकशी करायचा तुमचा नियम आहे ती करा आणि तिचा निकाल त्या आजीला तिच्या बोलीत सांगा. चौकशी होते आणि घरच्यांना कधीच कळत नाही, हे चालणार नाही. आणि त्या बापाला त्या रात्री जो खर्च पडला त्याचं काय ते पण बोला, गप्प बसू नका.

प्रत्येक सत्रानंतर दुसऱ्या दिवशी टोचलेल्या प्रत्येक पोराच्या घरी कोणीतरी गेलं पाहिजे. आशाताईला त्याचे वेगळे पैसे द्या. जिथं जाता येत नाही तिथं फोन करा, पाड्यावर रेंज कुठं येते ते आम्ही दाखवू. सत्राच्या रात्री आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर पाहिजे, निदान त्या एका रात्री. पॅरासिटामॉल नसेल तर सत्र सुरूच करू नका.

एक पोरगं आलं तरी बाटली फोडा, आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब सिस्टरला विचारू नका.

सत्राची वेळ बदला. दहा ते दोन बाया शेतात असतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पंचेचाळीस डिग्री असतं, त्या उन्हात तान्हं पोरगं घेऊन नाला ओलांडून कोण येईल? सकाळी सातला लावा, डबा मी साडेसहाला आणून देतो, फक्त पहाटे आरोग्य केंद्रात लस काढून द्यायला माणूस असू द्या.

जी घरं गुजरातला जातात त्यांचं दिवाळीआधी एक सत्र आणि होळीला परत आल्यावर एक सत्र. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला सगळा सातपुडा खाली उतरतो, ढोल घेऊन, नवे कपडे घालून. तिथं पुढाऱ्यांचे स्टॉल लागतात, मोबाईल कंपन्यांचे लागतात, लसीचा का लागत नाही? सोबत पावरी बोलणारी बाई बसवा, आणि जाताना कार्डाचा फोटो आईच्या नाहीतर बापाच्या फोनमध्ये काढून द्या, म्हणजे खोपटात कार्ड राहिलं तरी नोंद हरवणार नाही.

खुलासे पावरीत आणि अहिराणीत करा, आवाजात करा, आणि गावच्या माणसाच्या आवाजात करा. माझा आवाज चालत असेल तर मी देतो, फुकट.

आणि ज्या आई-बापांनी खरोखर नाही म्हटलंय त्यांच्याकडे यादी न घेता जा. त्यांना विचारा काय झालं होतं. ऐकून घ्या, मधे बोलू नका. पहिल्या खेपेला टोचायचं नावच काढू नका, दुसऱ्या खेपेला काढा.

हे वाचणाऱ्या आई-बापांना पण एक सांगायचं आहे, कारण माझं पत्र दाखवून कोणी म्हणेल बघा, डबेवाला पण विरोधात आहे. मी विरोधात नाही. साहेबांवरचा राग पोराच्या अंगावर काढू नका. ज्यांचा मधला डोस राहिलाय त्यांना पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथं थांबलं तिथून पुढे देतात, उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवणार नाही. पाठवलं तर मला सांगा, मी तिथंच असतो.

साहेब, ह्या पत्राचं उत्तर मला पाठवू नका. ग्रामसभेत येऊन द्या, वरच्या पाड्यांना आदल्या दिवशी निरोप जाईल असं बघा, आणि सभा संध्याकाळी ठेवा, माणसं कामावरून आल्यावर.

आपला,
लसीचा डबा वाहणारा एक बाप